जेईईचा पर्सेंटाइल कॉलेजातल्या मार्कांबद्दल खरंच काही सांगतो का?

सुदामानगरची_आई:
नमस्कार मंडळी. वाचतेय बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलाचा जेईई मेनचा दुसऱ्या अटेम्प्टचा निकाल लागला, ८४ पर्सेंटाइल. दोन वर्षं इथे इंदूरला भंवरकुआंला, म्हणजे सगळे कोचिंगवाले बसतात तिथे, क्लास केला, सकाळी निघायचा तो दिवेलागणीला घरी. निकालाचं आम्ही घरात फार काही केलं नाही, पण मागच्या आठवड्यात रामबागेत एक मुंज होती तिथे पंगतीत एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, "जेईईत जो निघाला नाही तो इंजिनिअरिंगलाही रडतखडतच निघतो, ॲडमिशनचे पैसे भरायच्या आधी विचार करा." मुलगा तेव्हा वाढत होता, हातात श्रीखंडाचं पातेलं. त्यानं ऐकलं, पुढच्या पानावर वाढलं आणि तेव्हापासून घरात बोलतच नाहीये.

आता गंमत अशी की त्याचाच मावसभाऊ ९९ च्या वर होता, मोठ्या कॉलेजात गेला, आणि पहिल्याच वर्षी दोन विषयांत बॅक. आणि आमचा हा शाळेत कधी गैरहजर नाही, बारावीला ८९ टक्के. मग खरं काय समजायचं? प्रवेशाच्या परीक्षेवरून पुढचे चार वर्षांचे मार्क कळतात का? मला धीर देऊ नका, तो द्यायला घरचे आहेत. ज्यांनी शिकवलंय, ज्यांना आकडे माहीत आहेत, त्यांनी सांगा.

रामबागकर:
काही कळत नाही ताई. तीन तासांची परीक्षा, त्या दिवशी पोट बिघडलं की संपलं. त्या नातेवाइकांना पुढच्या पंगतीत माझ्याशेजारी बसवा.

पोहे_जिलेबी:
मी सध्या थर्ड इयरला आहे, इंदूरचाच, कॉलेज बाहेरगावी. मला ९६ होते. पहिल्या सेमला सीजीपीए दहापैकी ५.९ आला. कारण सांगू? अकरावी-बारावीत मी स्वतःहून कधी अभ्यासाला बसलोच नव्हतो, मला बसवलं जायचं. रोज शीट मिळायची, रोज टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट, संध्याकाळी रँक आईच्या मोबाईलवर. कॉलेजला गेलो तर कोणी विचारायलाच नाही, सर येतात शिकवतात जातात, पहिली टेस्ट आली तेव्हा मला कळलं की चार चॅप्टर होऊन गेलेत. माझा रूममेट ८८ चा होता, एका छोट्या गावच्या सरकारी शाळेतला, तो रोज रात्री मेसमधून आला की दीड तास बसायचाच, मग कोणाचा बर्थडे असो. त्याला ८.७. मी त्याला बघून शिकलो, आता माझं ठीक चाललंय.

परदेशी_इंदुरी:
मूळची लोकमान्य नगरची, सध्या अमेरिकेत एका विद्यापीठात ॲडमिशनच्या आकडेवारीवर काम करते, त्यामुळे हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. जरा लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

इथे कॉलेजप्रवेशासाठी सॅट म्हणून परीक्षा आहे, १९२६ पासून चालू आहे, आणि ती कॉलेजातल्या मार्कांचा अंदाज देते का यावर जवळजवळ तेवढीच वर्षं भांडण चालू आहे. २००८ साली कॉलेज बोर्डाने (म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनीच, हे ध्यानात ठेवा) ११० कॉलेजांतल्या दीड लाख मुलांचे आकडे काढले. एक ते शून्य अशी पट्टी धरा, एक म्हणजे परीक्षेचे मार्क कळले की कॉलेजचे अचूक सांगता येतात, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. सॅट आणि पहिल्या वर्षाचे मार्क यांचा संबंध आला ०.३५. शाळेतल्या ग्रेडचा आला ०.३६. दोन्ही एकत्र धरले तर ०.४६. म्हणजे एकट्या परीक्षेला फार कळत नाही, एकट्या शाळेलाही फार कळत नाही, दोघींनी मिळून बघितलं तर बरं दिसतं.

म्हणून "काहीच कळत नाही" हे रामबागकरांचं मला मान्य नाही आणि पंगतीतल्या नातेवाइकांचं तर अजिबातच नाही.

रामबागकर:
०.३५ म्हणजे शंभरात पस्तीस मुलांचं बरोबर सांगते का?

परदेशी_इंदुरी:
नाही, हा घोटाळा सगळेच करतात. ०.३५ चा वर्ग करा, साधारण ०.१२. म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो त्यातला आठवा भाग त्या परीक्षेवरून समजावता येतो, बाकीचे सात भाग इतर गोष्टींचे.

राजवाडा_८०:
आठवा भाग! आणि त्यावर अख्खी भंवरकुआं उभी आहे. मुलं दोन वर्षं क्रिकेट सोडतात, गणपतीत आरतीला येत नाहीत.

फळ्यावरचा_खडू:
थांबा राजवाडा काका, इतकं सरळ नाही ते. मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं, पहिल्या वर्षाला जास्त, आणि हा आठवा भाग फसवा आहे. परदेशी ताई सांगतीलच पण माझ्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे आखाडे आहेत, लहानपणी नागपंचमीला कुस्त्या बघितल्या असतील. समजा कोणी विचारलं, वजनाचा कुस्तीशी संबंध आहे का? शंभर किलोचा आणि पन्नास किलोचा एकाच मातीत उतरवा, उत्तर लगेच मिळेल. पण आपण काय करतो, आधी वजन करून गट पाडतो. आता ७४ किलोच्या गटात जाऊन तपासा, कोणी ७३.६ चा, कोणी ७३.९ चा, वजन जास्त असलेला जिंकतो का? अजिबात दिसणार नाही. तिथे डाव, दम, सराव बघितला जातो. म्हणून वजनाचं काही महत्त्व नाही असं म्हणाल का?

प्रवेश परीक्षेचं नेमकं हेच होतं. कॉलेजात जी मुलं आली ती त्याच परीक्षेनं चाळून आलेली. ९० ते ९३ वाली एका वर्गात, ९९ वाली दुसऱ्या गावी. वर्गात बसून तुम्ही रँक आणि सीजीपीए जुळवायला गेलात की काही जुळत नाही, कारण जुळण्यासारखा फरकच चाळणीनं काढून टाकलाय. नापास होऊन बाहेर राहिलेल्यांचे कॉलेजचे मार्क आपल्याकडे नसतातच.

परदेशी_इंदुरी:
सर, हे उदाहरण मी उद्या ऑफिसात वापरणार आहे. त्याच २००८ च्या अभ्यासात या चाळणीचा हिशेब लावून आकडा सुधारला तर ०.३५ चा ०.५३ होतो, शाळेच्या ग्रेडचा ०.५४ आणि दोन्ही मिळून ०.६२. तरी ०.५३ चा वर्ग केला की पाव भागाच्या जरा वरच. म्हणजे पाव भाग परीक्षेचा, पाऊण भाग अजून मुलाच्या हातात किंवा नशिबात.

नंदलालपुरा:
मी माझं सांगतो. पीईटीचा जमाना, म्हणजे व्यापम (एमपीचं परीक्षा मंडळ) घ्यायचं ती इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, ९० च्या दशकाची सुरुवात. माझं शिक्षण पूर्ण हिंदी माध्यमात, घरी मराठी, शाळेत हिंदी, इंग्रजी फक्त पेपरापुरती. पीईटीत नंबर चांगला लागला, इंदूरमध्येच सीट मिळाली, नंदलालपुऱ्यात पेढे वाटले. पहिल्या लेक्चरला सर आले आणि इंग्रजीत सुरू झाले. "समाकलन" मला यायचं भिया, "इंटिग्रेशन" म्हणजे तेच हे कळायला मला दोन आठवडे लागले, आणि लाजेनं विचारलं नाही कोणाला. त्वरण, संवेग, आघूर्ण (म्हणजे मोमेंट), सगळं डोक्यात होतं पण दुसऱ्या नावानं. पहिल्या वर्षी तीन विषय राहिले. मग एका सीनियरनं मला एक वही दिली, डावीकडे हिंदी शब्द उजवीकडे इंग्रजी, त्याच्याही सीनियरनं त्याला दिलेली. थर्ड इयरपर्यंत मी वर्गात पहिल्या पाचात होतो.

तर पीईटीनं माझ्याबद्दल खरं सांगितलं की खोटं? पहिल्या वर्षाचे मार्क बघाल तर खोटं, शेवटच्या वर्षाचे बघाल तर खरं. कुठल्या वर्षाचे मार्क धरता त्यावर आहे सगळं.

फळ्यावरचा_खडू:
नंदलालपुरा, ती वही आहे का अजून?

नंदलालपुरा:
पुढे दिली सर. फर्स्ट इयरला आलेल्या बडवानीच्या एका मुलाला.

कावेरी_ग्वाल्हेर:
वर सगळे "मुलगा मुलगा" बोलून राहिलेत म्हणून लिहिते. मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली, इंजिनिअर, आता दहा वर्षं नोकरीत. आमच्या वर्गात ६२ पैकी ९ मुली होतो आणि टॉप टेनमध्ये त्यातल्या पाच. रँक बघाल तर आम्ही नऊ जणी मधल्याच होतो. तेव्हा मुलं म्हणायची की मुली रट्टा मारतात. खरं कारण मला असं वाटतं की आम्हाला कोटाला क्लासला पाठवलं नव्हतं, घरी राहून जेवढं झालं तेवढं केलं, तेवढ्यातला तो रँक होता. सारखी सोय मिळाल्यावर फरक दिसला. परदेशी ताई, याचे काही आकडे असतात का?

परदेशी_इंदुरी:
असतात आणि हे इथे फार जुनं निरीक्षण आहे. सॅटच्या स्कोअरवरून जेवढे मार्क मिळतील असा अंदाज निघतो त्यापेक्षा मुलींना कॉलेजात थोडे जास्त मिळतात, मुलांना थोडे कमी. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी ज्या वाढीव सीटा केल्या, आधी १४ टक्के, मग १७, मग २० टक्क्यांपर्यंत, त्यावर तेव्हा केवढी ओरड झाली होती की कमी रँकवाल्या येणार, दर्जा पडणार. रँक म्हणजेच दर्जा असं धरलं की असं वाटतं.

राजवाडा_८०:
परीक्षेवर एवढा विश्वास टाकताय सगळे पण आपण कुठल्या शहरात बसून बोलतोय ते विसरू नका. २०१३ साली पीएमटीला, म्हणजे व्यापमच्याच मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांच्या नावानं पेपर द्यायला आलेली पोरं इथेच, इंदूरच्या हॉटेलांतून पकडली गेली आणि तिथून ते सगळं व्यापम प्रकरण उघडं पडलं. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं तपास सीबीआयकडे दिला, २०१७ ला सहाशेच्या वर मुलांच्या मेडिकलच्या ॲडमिशन रद्द झाल्या. त्या वर्षांचे पीएमटीचे मार्क आणि कॉलेजचे मार्क कोणी जुळवायला गेला तर काय जुळणार? मी बँकेत होतो, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाची मुलगी त्याच काळात दोनदा थोडक्यात राहिली. खरी हुशार पोरगी. तिनं शेवटी बीएस्सी केलं. आजही मला भेटली की मी काय बोलावं ते सुचत नाही.

रामबागकर:
काका, हे वाचून खरंच गलबललं.

वडोदऱ्याहून:
आमच्याकडे गुजरातेत इंजिनिअरिंगच्या मेरिटला बारावी बोर्डाचे मार्क आणि गुजसेट (राज्याची प्रवेश परीक्षा) असं दोन्ही मिळून धरतात. मला ते जास्त बरं वाटतं. आपण एमपीवाले नुसत्या जेईईवर का जातो?

फळ्यावरचा_खडू:
नुसत्या नाही जात. आपल्या डीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याच्या) काउन्सिलिंगमध्ये आधी जेईई मेनच्या रँकवर राउंड होतात आणि मग उरलेल्या सीटा बारावीच्या मार्कांवर भरतात. म्हणजे एकाच वर्गात दोन दारांनी आलेली मुलं बसलेली असतात, आणि शिक्षकाला ही मोठी संधी असते बघण्याची. मी वर्षानुवर्षं बघितलं. मला अपेक्षा होती की जेईईच्या दारानं आलेली पुढे राहतील. पहिल्या सेमच्या गणितात राहायचीच, अगदी स्पष्ट. दुसऱ्या वर्षानंतर मला पेपर तपासताना ओळखता येईनासं व्हायचं की कोण कुठल्या दारानं आलंय. माझ्या वर्गांपुरतं बोलतोय, सगळ्या कॉलेजांचं सांगत नाही.

आणि वडोदऱ्याहून, बोर्डाचे मार्क धरण्याचा प्रयोग देशभर झालाय. २०१३ ते २०१६ जेईई मेनच्या रँकमध्ये ४० टक्के बोर्डाचे धरायचे. पण कुठलं बोर्ड सढळ, कुठलं कंजूष, सगळ्यांना एका मापात आणायची कसरत करावी लागायची, आणि २०१७ पासून ते काढून टाकलं.

कोटा_रिटर्न:
मी कोटाला केमिस्ट्री शिकवायचो चार वर्षं, आता परत इंदूरला. बोर्डाचे मार्क काढल्यावर काय झालं ते मी डोळ्यानं बघितलंय. डमी शाळा बोकाळल्या. मुलाचं नाव एका शाळेत, मुलगा दोन वर्षं शाळेचं तोंड बघत नाही, प्रॅक्टिकलला एकदा जातो. टायट्रेशनमध्ये ब्युरेट हातात धरलेली नाही अशी मुलं मोलॅरिटीचे सवाल चाळीस सेकंदांत करायची. चूक मुलांची नाही, आम्हीच तसं शिकवायचो. पर्यायांत एकक बघून दोन पर्याय उडवायचे, उरलेल्या दोनात किंमत टाकून बघायची. हे कौशल्यच आहे, मी नाकारत नाही, घाई असताना नेमकं काय धरायचं ते कळतं. पण कॉलेजात कोणी पर्याय देत नाही.

फळ्यावरचा_खडू:
कोटा रिटर्न यांनी नेमका दुखरा भाग धरलाय. मी दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गाला एकच गणित द्यायचो, बारावीचंच, पण पर्यायांशिवाय, आणि सांगायचो की उत्तर चुकलं तरी चालेल, प्रत्येक ओळीपुढे ती का लिहिली ते लिहा. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, एका प्रश्नाला अडीच मिनिटंही नाहीत. आमच्या विद्यापीठाच्या पेपरात तीन तासांत पाच मोठे प्रश्न. दोन्हींचा दम वेगळा. भरपूर रँकवाली काही मुलं उत्तर पटकन लिहायची आणि मग पेन तोंडात धरून बसायची, कारण मधल्या ओळी त्यांनी कधी लिहिल्याच नव्हत्या. पहिल्या वर्षाच्या मार्कांत जो गोंधळ दिसतो त्यातला बराचसा याचा आहे असं माझं मत. ज्या मुलांनी त्या पहिल्या दिवशी ओळी लिहिल्या, भले उत्तर चुकलं, त्यांची मला पुढे कधी काळजी वाटली नाही.

पोहे_जिलेबी:
सर मी तुमच्या वर्गात असतो तर पेन तोंडात धरून बसणाऱ्यांत असतो हे शंभर टक्के.

रामबागकर:
मग सरळ प्रवेश परीक्षा बंदच करा ना. तमिळनाडूनं २००७ पासून इंजिनिअरिंगची काढली, बारावीचं गणित १०० पैकी, फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० असं धरून २०० पैकी कटऑफ लावतात. तिथे काय इंजिनिअर बनत नाहीत का?

परदेशी_इंदुरी:
बनतात, उत्तम बनतात. पण बंद करण्याचा अनुभव इथला सांगते. कोविडच्या वेळी जवळजवळ सगळ्यांनी सॅट ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनं २०२० मध्येच सांगितलं होतं की आमच्याकडे ही परीक्षा पहिल्या वर्षाच्या मार्कांचा अंदाज शाळेच्या ग्रेडपेक्षाही चांगला देते, तरी विद्यापीठानं ती सोडली. उलट एमआयटीनं २०२२ च्या मार्चमध्ये परत सक्तीची केली. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्याकडे कुठल्याही शाखेत जा, कॅल्क्युलसची दोन सेमिस्टर आणि फिजिक्सची दोन सेमिस्टर सगळ्यांना करावीच लागतात, आणि गणिताचा स्कोअर नसेल तर कोण त्यात टिकेल ते आम्हाला कळत नाही.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत डार्टमथनंही परत आणली. त्यांना जे दिसलं ते वाचून मी त्या दिवशी ऑफिसात गप्प बसले होते. गरीब घरातली, साध्या शाळांतली मुलं १६०० पैकी १४०० च्या घरात स्कोअर असूनही तो पाठवतच नव्हती, त्यांना वाटायचं कमी आहे. पाठवला असता तर त्यांना फायदा झाला असता, कारण त्या शाळेतून तेवढा स्कोअर म्हणजे केवढी गोष्ट हे कॉलेजला कळत होतं. परीक्षा काढली तर श्रीमंतांचाच फायदा होतो कधीकधी, निबंध, समाजसेवा, शिफारशी हे सगळं विकत मिळतं.

कावेरी_ग्वाल्हेर:
म्हणजे परीक्षा चांगली असं म्हणायचं का ताई? क्लासही विकतच मिळतो की. इंदूरचे किंवा कोटाचे दोन वर्षांचे लाखांत पैसे कोण देतं?

परदेशी_इंदुरी:
बरोबर आहे, आणि इथलेही उलट बाजूचे अभ्यास आहेत. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांवर २०२० मध्ये एक अभ्यास आला, त्यात कॉलेज पूर्ण कोण करतं हे एसीटी या सॅटसारख्याच परीक्षेपेक्षा शाळेच्या ग्रेडवरून कितीतरी जास्त चांगलं कळत होतं. पहिल्या सेमचे मार्क एक, आणि चार वर्षं टिकून डिग्री घेणं वेगळं. टिकण्याचं रोजच्या सवयीवरून कळतं.

पण एक गोष्ट आपण सगळे विसरतो, मीसुद्धा सुरुवातीला विसरायचे. इथली "शाळेची ग्रेड" म्हणजे चार वर्षांचा गृहपाठ, चाचण्या, प्रोजेक्ट, हजेरी, दहा-पंधरा वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेले मार्क. आपली बारावी म्हणजे मार्चमधले पाच पेपर. तीही एक परीक्षाच. म्हणून अमेरिकेत शाळेची ग्रेड चांगली सांगते म्हणजे भारतात बारावीचे मार्क चांगले सांगतील असं लगेच धरू नका. आपल्याकडे ज्यात मुलाची रोजची सवय दिसते असा कागदच कोणाकडे नाही.

फळ्यावरचा_खडू:
आहे. शाळेचं हजेरीबुक. आणि सुदामानगर ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये ते लिहिलंय, कोणाचं लक्ष गेलं नाही. "शाळेत कधी गैरहजर नाही."

राजवाडा_८०:
वा खडू सर.

रामबागकर:
मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. काहीच कळत नाही असं नाही. पण मग कॉलेजचे मार्क तरी कुठे खरं सांगतात? आमच्या वेळी सेशनलचे मार्क सरांच्या मर्जीवर असायचे. एका ब्रँचला ८ सीजीपीए म्हणजे टॉपर, दुसरीत वर्गातले निम्मे ८ च्या वर.

परदेशी_इंदुरी:
हा अगदी योग्य मुद्दा आहे आणि आकडा कमी दिसायचं ते दुसरं मोठं कारण. ज्या फुटपट्टीशी जुळवतोय तीच रबराची असेल तर जुळणार किती?

कोटा_रिटर्न:
८४ पर्सेंटाइल म्हणजे ८४ टक्के नव्हे हेही घरच्यांना सांगा, पंगतीत बहुतेक तोच गोंधळ असतो. २०२४ ला सुमारे १४ लाख मुलांनी मेन दिली. ८४ म्हणजे १०० मुलांमधली ८४ याच्या बरोबर किंवा मागे. पुढे उरली सव्वादोन लाखांच्या आसपास. आयआयटीच्या सीटा १७-१८ हजार, त्यामुळे आयआयटीचं दार बंद हे खरं. पण ८४ वर उभा असलेला मुलगा गणित येत नसलेला मुलगा नाही. मी अशी शेकडो शिकवलीत. बरीचशी दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना विषय येत नाही. दुसरी, ज्यांना येतो पण वेग नाही, किंवा चूक झाली की मायनस मार्काच्या भीतीनं प्रश्न सोडत जातात. पर्सेंटाइल दोघांचं सारखंच येतं, कॉलेजात दोघांचं फार वेगळं होतं. ताई, तुमचा कुठला?

सुदामानगरची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, मी दोन दिवस नुसती वाचत होते. एक सांगते, काल रात्री मी फोन डायनिंग टेबलवर ठेवून झोपले, सकाळी बघते तर मुलानं हा धागा पूर्ण वाचलेला. चहा घेताना मला म्हणाला, "आई, ७४ किलोवालं बरोबर आहे." पंधरा दिवसांत स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

कोटा रिटर्न, तुमचं मी त्यालाच विचारलं. त्यानं दोन्ही अटेम्प्टची रिस्पॉन्स शीट काढून दाखवली. गणितात ११ प्रश्न सोडलेले, त्यातले ७ त्यानं माझ्यासमोर बसून आज केले. वेळ लागला, एकाला पंधरा मिनिटं लागली, पण केले. चुकलेले कमी, सोडलेले जास्त. फिजिक्समध्ये मात्र चुकलेलेच जास्त आहेत, तिथे खरंच कच्चा आहे, रोटेशनमध्ये तर खूपच, हे तो स्वतःच म्हणाला.

डीटीईचं रजिस्ट्रेशन करतोय. त्याला सिव्हिल घ्यायचंय, त्याचे आजोबा पीडब्ल्यूडीत होते.

कोटा_रिटर्न:
मग दुसऱ्या प्रकारातला आहे. रोटेशन कॉलेज सुरू व्हायच्या आधी पक्कं करून घ्या, पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये आघूर्ण रोज लागणार आहे.

नंदलालपुरा:
आघूर्ण! कोटा रिटर्न, तुम्हीही हिंदी माध्यमवाले निघालात.

फळ्यावरचा_खडू:
सुदामानगर ताई, एक विनंती. कॉलेज सुरू व्हायला अजून पाच-सहा आठवडे आहेत. त्याला म्हणावं की क्लासची शीट, रँकचे कागद सगळं कपाटात ठेव. मी रिटायर झालोय, सकाळ मोकळी असते. डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन, व्हेक्टर, कॉम्प्लेक्स नंबर एवढंच, पर्यायांशिवाय, ओळ न् ओळ लिहून. पैशाचा विषय काढू नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कावेरी_ग्वाल्हेर:
सर तुम्ही ग्वाल्हेरला का नाही राहिलात.

पोहे_जिलेबी:
सर मी पण सुट्टीत इंदूरलाच आहे. थर्ड इयरवाला चालेल का? माझ्याही मधल्या ओळी राहिल्यात.

सुदामानगरची_आई:
सर, काय लिहू कळत नाही. तो विचारतोय, किती वाजता यायचं आणि सोबत काय आणायचं.

फळ्यावरचा_खडू:
रविवारी सकाळी साडेसात. दोघंही या. कोरी वही, शाईचं पेन, खोडरबर नको. चुकलेली ओळ मला दिसायला पाहिजे.